रबर

सावद्यात मे. पारा शेहेचाळीस.
लीलाधर नेहेतेनं दहाची नोट
फ्रीजच्या दारात धरली, दार लावलं, ओढली.
नोट अलगद हातात.
"रबर गेलं, काकू.
अशी एक नोट रोज गळतेय तुमची."

मग केळीच्या खोक्यावर पेनानं मांडलं:
जुन्याचे युनिट, पाचस्टारचे युनिट,
सहा वर्षांत वसूल.
"आणि दार कमी उघडत जा."

सकाळी सातला तस्लीमभाभीचं इन्सुलिन.
दुपारी ढाकेंच्या पोरांना बर्फ.
रात्री कुणाचा तरी उरलेला आमरस,
वाटीवर ताटली.
हे कुठल्या रकान्यात लिहू, नेहेते?

रबर तेवढं बदललं. साडेचारशे.
नोट आता हलत नाही.

संध्याकाळी तस्लीमभाभी म्हणाली,
"दोन्ही हातांनी ओढावं लागतं हो आता."