दहावा बोल्ट

हेड उघडलं. दहा बोल्ट
फडक्यावर मांडले, बाहेर आले त्याच क्रमानं.
तुम्मासची पावाची गाडी. दीड लाख किलोमीटर,
तेही सगळे या बेटांवरच्या बोगद्यांत आणि धुक्यात.

पुस्तकात लिहिलंय, एकदाच वापरा.
हानुस, माझे सासरे, म्हणतात
पुस्तक छापणारेच बोल्ट विकतात.
त्यांच्या मागं फळीवर बावीस डबे:
बिस्किटांचे, तंबाखूचे, एक बाळाच्या दुधाचा.
ते बाळ आता बेचाळीस वर्षांचं, माझ्या शेजारी घोरतं.
काढलेला एकही नट, एकही वायसर त्यांनी फेकलेला नाही.
आणि त्यांनी जोडलेली एकही गाडी
क्लाक्सविकच्या उतारावर सुटी झाली नाही, हेही खरं.

मी व्हर्नियर लावते.
आठ मापात. दोन केसभर लांब.
"कुणाचा केस?" हानुस विचारतात.

सांगते त्यांना: आधी चाळीसपर्यंत पाना,
मग एक काटकोन, मग पुन्हा एक काटकोन.
त्या शेवटच्या काटकोनात पोलाद ताणलं जातं
ते परत येत नाही. मुद्दामच.
त्या ताणावरच हेड बसून राहतं.
"म्हणजे मोडतं?"
मोडत नाही. लांबतं.
सदतीस वर्षं जाळी ओढलेले हानुस
कमरेचा पट्टा एक भोक आवळतात.

दहा मागवले. वाऱ्यानं बोट दोन दिवस अडली.
तुम्मासनं पाव ढकलगाडीतून पोचवले,
म्हाताऱ्या म्हणाल्या, ओले आहेत.
शुक्रवारी खोकं आलं. मोजले. नऊ.
खोकं उलटं केलं, कागद झटकला. नऊच.
हानुस हसले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी फडक्यावरचा चौथा उचलला,
आटे उजेडात फिरवून पाहिले,
माझ्या तळहातावर ठेवला.
"एकच तर."
मापात होता. खरंच मापात होता.
त्यांच्या मुठीनं कोमट झालेला.

नऊ नवे आणि एक जुना,
इंजिन तापल्यावर आधी कोण सैल सोडेल
ते पुस्तकात नव्हतं.
मी फोन केला. पुढची बोट मंगळवारी.
तुम्मास जे बोलला ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी हानुस सगळे दहा घेऊन गेले
मेंढ्यांच्या फाटकाकडे. हिवाळ्यापासून
ते दोरीनं बांधलेलं होतं.
लांबलेले दोन वरच्या बिजागरीला लावले.
नुसत्या बोटांनी आवळले, पाना न घेता,
मग फाटक हलवून पाहिलं,
आणि पुन्हा एकदा, थोडं जोरात.