पुडी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
क्लेमेंतिनाने सुकी सुंगटं बांधली
माझ्याच आधारच्या झेरॉक्समध्ये.

कोपऱ्यात निळ्या पेनाने: खोली सात, चौदा मार्च.
लॉज मांद्र्याचा.
घरच्यांच्या लेखी मी त्या रात्री मडगावला.

नवा कायदा म्हणतो, काम सरलं की माहिती पुसावी.
मालकाने पुसली:
रद्दीवाला, किलोला बारा रुपये.

झाकायचे ते आठ आकडे ठसठशीत,
दाखवायचे ते चार
खाऱ्या पाण्याने नेले, शिवाय अर्धी हनुवटी.

"हो तुजोच फोटो मगे?"
मी नाही म्हटलं.

तिने पुडी सोडली,
सुंगटं केळीच्या पानात ओतली,
कागद चुरगाळून माझ्या मुठीत कोंबला
आणि वर आणखी थोडी घातली, न मोजता.