दुधाचा सरस

हाय विकममध्ये बाप माझा खुर्च्या करायचा.
बीचचे पाय, एल्मची बैठक,
आणि बुडाखाली पेन्सिलीनं बारीक पी,
प्लमरिजमधला,
गिऱ्हाइकाला जन्मात न दिसणारा.

बेचाळीसच्या हिवाळ्यात साहेब आले,
म्हणाले, लाकडाचं विमान करायचंय.
बाप हसला.
मग आराखडा पाहिला, गप्प झाला
आणि रंध्याच्या पात्याला धार लावायला बसला.

मला सरसाच्या पिंपावर लावलं.
तो दुधाचा असतो, हे तिथं कळलं.
घरी रेशनचं दूध एवढंसं,
की चहा काळ्याचा जेमतेम तांबडा व्हायचा.
इथं मी पिंपंच्या पिंपं घोटत होते,
कोपरापर्यंत आंबूस.
आई म्हणायची, हात धुऊन ये, मग जेव.
धुऊन जायचा नाही.

एकदा एक वैमानिक पाहायला आला.
फार तर बाविशीचा, कानामागे दाढीचे चार केस राहिलेले.
त्यानं पंखावर बोटाची पेरं वाजवली,
मडकं वाजवून घेतात तशी.
"टिकेल?"
बाप म्हणाला, "खुर्ची असती
तर तीस वर्षांची हमी दिली असती."
"तीस फेऱ्या पुरे," तो म्हणाला.
आम्ही सगळे हसलो. मीही.
जरा जास्तच.

पंख बंद करायच्या आधी
बापानं आतल्या फळीवर पी काढलेला मी पाहिला.

सेहेचाळीसला तो परत खुर्च्यांकडे वळला.
खूण मात्र सोडली.
मी विचारलं, तर म्हणाला,
"ती कुठं कुठं जाऊन आलीय, मला काय माहीत."
आणि ढलप्या झाडत राहिला,
झाडून झालेल्या जमिनीवरच.

मलाही माहीत नाही. पण रात्री कधी वाटतं,
त्यातलं एखादं वेझरकाठच्या शेतात पडलं असेल.
तिथली कुणी गेर्लिंडे (नाव मीच ठेवलंय)
कुऱ्हाडीनं पंख फोडून शेगडीत घालत असेल.
स्प्रूस भराभर पेटतं, बर्च टिकून जळतं,
बाईला लाकूड कळत असेल.
मग सरसाला आच लागली असेल,
आणि ती दचकली असेल:
दूध उतू गेलं?

घरात थेंब नाही कधीचा.
तरी वासानं पोरं
उठून बसली असतील.