सतरा नंबर

जुलैची सुट्टी. पोरं आपापल्या बेटांवर गेलेली,
वसतिगृहाच्या दोरीवर एकच मोजा राहिलेला.
मी सकाळच्या होडीने आले,
मांडीवर नवा सर्व्हर, तीन प्लास्टिकांत गुंडाळलेला.
रेमिहियो म्हणाला, केवढ्याचं गं हे?
म्हटलं, शाळेच्या पाच हिवाळ्यांच्या लाकडांएवढं.
मग त्याने इंजिन जरा हळू केलं.

जुना सर्व्हर कोठीत असतो,
पिठाची पोती आणि बटाट्यांच्या करंड्यांमध्ये.
चिलोएच्या या टोकाला
अख्ख्या शाळेत कोरडी जागा तेवढीच.
स्वयंपाकीण एदुविना त्याला म्हातारा म्हणते.
तो घुरघुरतो म्हणून उंदीर येत नाहीत, असा तिचा दावा.
अकरा वर्षं तो बंद पडलेला नाही.
अकरा वर्षं त्याला बंद करायला कुणी धजावलेलं नाही.
अहवालात मी पहिलं वाक्य लिहिते.

त्याच्या पोटात एक्केचाळीस हजार पत्रं.
बहुतेक मंत्रालयाची परिपत्रकं, न उघडलेली,
आणि गणिताच्या बाईंनी स्वतःलाच धाडलेलं एक:
"चष्मा प्रयोगशाळेत."
सगळं उचलून नव्यात भरायचं, बाईंच्या चष्म्यासकट.
चौतीस टक्क्यांवर अडतं.
मी चहा पिते. एदुविना चुलीत लाकूड सारते.
पस्तीस.

मग केबली.
माझ्या आधीचा देल्मिरो, आता सामन मासळीच्या कारखान्यात असतो,
त्याने प्रत्येकीला चिकटपट्टी लावली होती:
मुख्याध्यापक. ग्रंथालय.
ग्रंथालय, पण खरं तर व्यायामशाळा.
सतरावी तेवढी ना नावाची ना गावाची,
करडी, भिंतीत शिरते आणि पलीकडे निघत नाही.
दिवा मात्र लुकलुकतो.
कुणीतरी बोलतंय.

अशा वेळी आमच्या धंद्यात एकच रीत:
उपटायची, आणि कोण ओरडतंय ते ऐकायचं.
उपटली.
कुणी ओरडलं नाही.
एदुविनाचा हात कांदा चिरता चिरता थांबला,
मग पुन्हा चालू लागला.

रात्री नव्या सर्व्हरवरून पहिलं पत्र मी मलाच पाठवलं:
आहेस का?
आलं. आहे म्हटलं.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर गेले तर
होड्यांच्या शेडला पाठ लावून पाचजण उभे,
हातात फोन, जणू कुणी दार उघडेल म्हणून.
उबेर्लिंदाचा मुलगा दक्षिणेला खाणीत आहे,
तो सहा वाजता फोन करतो. करायचा. परवापर्यंत.
आणि बंदर उघडं की बंद,
ते रेमिहियो इथेच बघतो, दोर सोडण्याआधी.
मला तो आणायला निघाला तेव्हाही बघितलं होतं.

वळचणीला एक डबा, होडीच्याच हिरव्या रंगात रंगवलेला,
तपासणीला येणाऱ्याला दिसू नये म्हणून.
देल्मिरोने रात्री चर खणला होता, एकट्याने.
म्हणाला होता, कुणाला सांगू नका.
मग सांगितलं का नाही? मी विचारलं. ओरडलात का नाही?
उबेर्लिंदा म्हणाली, सांगू नका म्हणाला होता ना.

बाहेरच्यांना जोडणी नाही, नियम चार.
सातही शाळांसाठी तो मीच लिहिलाय,
ठळक अक्षरांत.

परत कोठीत.
सतराव्या केबलीला वेगळी वाट काढून दिली,
शाळेच्या पत्रांना तिचा धक्का लागू नये
आणि तिला शाळेचा.
फॉर्मवर कारण विचारतात. लिहिलं: हवामान.
पट्टीवरही तेच लिहिलं, देल्मिरोपेक्षा वाईट अक्षरात.
एदुविनाने बघितलं, आणि न मागता
वाटीभर शिजलेले जांभळे बटाटे पुढे सरकवले.

हिरवा डबा बदलला, नवा दीडपट ताकदीचा.
रंग मात्र लावायला वेळ नव्हता.

परतताना रेमिहियोने पाण्यातला नारिंगी तरंगता गोळा दाखवला:
इथपर्यंत येतं. याच्या पुढे नाही.
मी काही बोलले नाही.

सप्टेंबरात पुन्हा आले तेव्हा
गोळा चाळीस हात पुढे होता,
आणि डबा हिरवा.