हेल्मीची वही

थंडर बेमध्ये ऑक्टोबरातच हीटरचा हिशेब सुरू होतो.
हेल्मी म्हणते, सतरावर ठेव,
स्वेटर काय कपाटाला ऊब द्यायला घेतलेत?
कालचा राय ब्रेड निम्म्या किमतीत,
कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळलेला.
कूपनं आता मी कापतो,
कात्री तिच्या हातात ठरत नाही.

आकडे मात्र तीच लिहिते.
तिचा सात हल्ली एकासारखा पडतो,
बेरीज चुकली की दोष माझ्या चष्म्याला.

पेन्शनला अजून दोन वर्षं.
कागद कारखान्यातून ती आधीच सुटली, हातांमुळे.
मी शाळेची बस चालवतो,
गुडघा कुरकुरतो, त्याला म्हणतो, थांब जरा.

काल ती झोपल्यावर वही उघडली.
पुढची बावीस वर्षं ओळीनं मांडलेली:
छपराची डागडुजी, माझे दात, तिच्या गोळ्या,
आणि शेवटच्या पानापर्यंत
किराणा दोघांचा.

डॉक्टर जे म्हणाले
ते तिनंही ऐकलं होतं,
माझ्या शेजारीच बसून.

मी उठून हीटर एकोणीसवर नेला.

सकाळी तिनं मीटर पाहिला,
माझ्याकडे पाहिलं,
पेन्सिल दोन्ही हातांनी धरून
खर्चाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.
सात असेल.
किंवा एक.