सात भोकांची बादली

डिस्टेंपरची रिकामी बादली.
बुडाला तापल्या सळईनं सात भोकं पाडली,
तळाला नारळाच्या शेंड्या,
वर मेथीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा.
रविवारच्या रश्श्यातलं एक हाडूकही आत नाही,
"ती मांजराची," असं मुजावरभाभींनी बजावलंय.

दुसऱ्या आठवड्यात वास सुटला.
खालच्या मजल्यावरून हिंदुराव फौजी ओरडले,
"मास्तर, काय मेलंय काय वर?"
मी नाक दाबून वाळका पाला पसरला,
वरून तांब्याभर आंबट ताक.

जुन्या पँटीची पिशवी शिवलीय.
लक्ष्मीपुरीतली भाजीवाली बघून हसते,
"पाय कुठं गेलं हो हिचं?"
खिसा तेवढा शाबूत आहे,
सुट्टे पैसे त्यातच.

डॉक्टरनी साखर बघितली आणि चालायला लावलं.
रोज संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत जातो,
भेळ न खाता परत येतो.
(बायको हे वाचणार आहे,
म्हणून लिहिलं.)

पावसाळा सरता सरता बादलीतून
न पेरलेलं काहीतरी वर आलं.
मला वाटलं काकडी. निघाला भोपळा.
कठडा ओलांडून सरळ
हिंदुरावांच्या गॅलरीत उतरला, न विचारता.

मी दोन दिवस जिना चुकवला.

तिसऱ्या दिवशी वाकून बघितलं तर
वेलाला सुतळीचा आधार,
फुलाखाली पुठ्ठ्याचा तुकडा.
हिंदुराव अजून बोलत नाहीत.
पण आज सकाळी आमच्या कडीला
वर्तमानपत्राचं पुडकं लटकत होतं,
आत कांद्याची सालं,
बांधायला तीच सुतळी,
आणि गाठ अशी करकचून, की
दातांनी सोडवावी लागली.