लिमिट्रोफ

कानडीतून मराठी, मराठीतून इंग्रजी,
किंवा उलटं. पानाला चाळीस रुपये.
बेळगावच्या कोर्टासमोर माझं टेबल आहे.
परवा हुंदऱ्यांच्या जुन्या फायलीत
पुसट टाइपात एक शब्द निघाला : लिमिट्रोफ.
मला वाटलं, रोग असावा.
करपा, मूळकूज, तसलं काहीतरी.
अशिलाला चहा सांगितला
आणि पुठ्ठा सुटलेला कोश काढला.

विशेषण. सीमेला लागून असलेला.
बास? एवढ्यासाठी एवढा अवजड शब्द?

खाली बारीक अक्षरात त्याचं कुळ.
लिमेस, लॅटिन :
दोन शेतांमधली पायवाट, बांध,
पुढे तोच रुंदावत साम्राज्याची सरहद्द.
हे कळायला मला कोश नको होता.
आमच्या भरमाण्णा काकानं
दर नांगरटीला चार बोटं बांध कोरला
आणि कडोलीतल्या एका घरातले दोन भाऊ
वकिलामार्फत बोलायला लागले.

पण शब्दाचं शेपूट ग्रीक निघालं.
त्रोफोस. पोसणारा.
सरहद्दीवर शिपाई बसवले
तर त्यांना जेवायला कोण घालणार?
म्हणून लगतची रानं त्यांच्या नावे लावलेली.
ती रानं, लिमिट्रोफ.
अर्धा एका भाषेचा, अर्धा दुसरीचा,
मधे कुठं टाका दिसत नाही.

माझी आई मल्लव्वा, माहेर हुक्केरीकडचं.
बत्तीस वर्षं पहाटेच्या टेम्पोत
रताळी, मेथी, कोबीचे गड्डे
कॅम्पातल्या लष्करी भटारखान्याला पोचवत आली.
गेटवरचा पोरगा कुठल्या तरी डोंगरातला,
त्याची भाषा तिसरीच.
ती विचारायची, "ऊटा आतेन?"
तो गप्प. मग, "जेवलास काय रं?"
तरी गप्प. मग पाची बोटं
तोंडाशी नेऊन दाखवायची.
तो हसून मान हलवायचा, हो की नाही
ते तिला कधीच कळलं नाही,
एक रताळं मात्र त्याच्या खिशात जायचं.

"झालं का?" अशील म्हणाला.
मी 'सीमेलगतची, पोसणारी' असं लिहून
'पोसणारी' खोडलं.
जमीन कुणाची, एवढंच कोर्टाला हवं असतं.

त्यानं चाळीस मोजले,
खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं :
"ह्याचे वेगळे न्हाईत न्हवं?"